ताण तोडायची तारीख

हुडकेश्वरच्या आमच्या ले-आउटमध्ये डिसेंबर लागला की संत्र्यांच्या हातगाड्या फिरायला लागतात आणि बापूंची तब्येत आपोआप सुधारते. बापू म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, पण गाडीवाल्याची आरोळी कानी पडली की फाटकापर्यंत काठी न घेता जातात. एक फळ उचलतात, देठापाशी अंगठ्याने दाबतात, नाकाशी नेतात आणि विचारतात, "हे कोण्या गावचं होय गा? याले पाणी जास्त झालं." गाडीवाल्याने माल कळमन्याच्या बाजारातून उचललेला असतो. त्याला गावाचा पत्ता नसतो की पाण्याचा. तो हसतो, बापू चार फळं जास्त निवडतात, आणि मी दारात स्वेटरच्या बाह्या खाली ओढत उभी राहते. गावाकडे आता बागांचं पाणी बंद झालं असेल, असं माझ्या मनात येतं, आणि दिवसभराची शांतता जाते.

ज्यांनी संत्र्याची बाग जवळून पाहिली नाही त्यांना हे सांगायला हवं. आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या, बहाराची फळं तोडून झाली की झाडांचं पाणी तोडतात. महिनाभर, दीड महिना, जमीन भारी असेल तर त्याहून जास्त. वखर फिरवून वरवरच्या बारीक मुळ्याही तोडतात. शेजारच्या वावरात गहू-हरभरा ओलिताखाली हिरवागार डोलत असतो, आणि ही झाडं मात्र उभ्या जागी सुकायला लागतात. पानं मलूल होतात, कडेने वळतात, पिवळी पडून गळतात. याला ताण देणं म्हणतात. मग संक्रांतीच्या आगेमागे एक दिवस पाहून पाणी सोडतात, म्हणजे ताण तोडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत झाड असं काही फुलतं की बांधावरून जाणारा माणूस वासाने थबकतो. ज्या झाडाचं पाणी चालूच राहिलं ते असं फुलत नाही. हे मी कुठे वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वाचलं ते नेमकं याच्या उलट, आणि माझं पोट त्या वाचलेल्यावर चालतं.

मी नागपुरातल्या एका बी.एड. कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी याच थंडीत अभ्यासक्रमात माणसाच्या गरजांचा त्रिकोण येतो. मी फळ्यावर तो काढते. खाली रुंद पायरी, भूक आणि तहान. तिच्यावर सुरक्षितता. मग आपुलकी, मग मान. आणि अगदी टोकाला, जिथे खडू टेकवायला जेमतेम जागा उरते तिथे, माणूस जे होऊ शकतो ते होणं. खालची पायरी भरल्याशिवाय माणूस वरच्या पायरीकडे बघत नाही, असं मी सांगते, आणि मुलं-मुली ते लिहून घेतात. पंचवीस वर्षं मी हा त्रिकोण काढते आहे. आता तो न बघता सरळ येतो. पण सरळ रेघा ओढताना आत कुठेतरी कुणीतरी शंकेने 'हं, हं' करत असतं.

यंदा त्या 'हं, हं'ला तोंड फुटलं. रामटेककडून रोज बसने येणारी वैशाली म्हणून एक विद्यार्थिनी आहे, तिशीची, दोन लेकरांची आई. ती उभी राहिली. "मॅडम, एक विचारू? माझी आई लोकांच्या धानात रोवण्याला जाते. दिवसभर चिखलात वाकून राहते. सकाळचा भात खाल्ला तर खाल्ला, नाही तर तसाच. अन् तिथंच ती गाणे रचते. दरवर्षी नवीन. बाकीच्या बाया तिच्यामागं म्हणतात. आम्ही तिला म्हटलं, आता घरी बस, आराम कर, तर घरी एक गाणं सुचत नाही तिला. मग ती कोणत्या पायरीवर आहे?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "छान प्रश्न आहे." शिक्षकाच्या भाषेत याचा अर्थ, मला येत नाही. तेवढ्यात बेल झाली आणि मी डस्टर घेऊन त्रिकोण टोकापासून खालपर्यंत पुसला.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण यंदा घरी ऋचा आहे.

ऋचा माझी मुलगी. चोवीस वर्षांची, एकुलती एक, आणि मी आई म्हणून नाही, शिक्षक म्हणून सांगते, मी आजवर शिकवलेल्या कुणाहीपेक्षा हुशार. तिच्या बाबतीत मी त्रिकोणाची एकही पायरी रिकामी ठेवली नाही. वेगळी खोली, खिडकीला जाळी, उन्हाळ्यात कूलर, मागेल ते पुस्तक, चांगला क्लास, आणि उठता-बसता 'तू करशील गं'. इंजिनिअरिंग झालं, मग राज्यसेवेचा अभ्यास. पूर्व परीक्षा तिची पहिल्याच फटक्यात निघाली. आणि मुख्य परीक्षा दोन महिन्यांवर आली असताना तिने एका सकाळी पुस्तकं उचलली, खोक्यात भरली आणि खोकं पलंगाखाली सरकवून दिलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

"मला करावंसं वाटून नाही राहिलं."

एवढंच. ना कुणी मुलगा, ना आजार, ना दुसरी कसली आवड. मी आजार तपासून घेतला, आवड शोधून पाहिली, काही सापडेना. सकाळी उशिरा उठते, बापूंना पेपर वाचून दाखवते, गच्चीवर उन्हात बसते. मुख्य परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत या महिनाअखेरीस संपते. तो ती भरणार की नाही हे मला माहीत नाही, आणि ही भरलेल्या पायऱ्यांची मुलगी टोकाच्या एवढ्या जवळ येऊन का थांबली, हे तर मुळीच माहीत नाही. तिचे बाबा नोकरीने चंद्रपूरला असतात. त्यांना विचारलं तर फोनवर म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर, तुझा विषय आहे." माझा विषय! मला इतका संताप आला की मी फोन ठेवून अर्धा तास नुसती भांडी आपटली.

आणि मग मी ते केलं. अकरा दिवस मी ऋचाशी बोलले नाही.

हे मला सुचलं कुठून, हे सांगायचं तर माझ्या बारावीच्या हिवाळ्यात जावं लागतं. काटोल रोडवर आतल्या बाजूला आमचं गाव, गावाबाहेर बाग, बागेतच घर. त्या हिवाळ्यात मी आणि माझा थोरला भाऊ विनोददादा एकाच वर्गात होतो, कारण दादा आदल्या वर्षी नापास झाला होता. दादाचं डोकं तल्लख. विहिरीवरची मोटर बंद पडली तर मिस्त्री यायच्या आत तो ती उघडून बसलेला असायचा. पण पुस्तक हातात घेतलं की त्याच्या चेहऱ्यावर झापड यायची. सहामाहीची गुणपत्रिका त्याने डिसेंबरात बापूंच्या हातात दिली, तेव्हा बापू बागेतून वाळक्या फांद्या काढून नुकतेच आले होते, डोक्याच्या फडक्यात पानं अडकलेली. त्यांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि हात धुवायला गेले. त्या दिवसापासून ते दादाशी बोलायचे थांबले.

घर दोन खोल्यांचं. न बोलणारी दोन माणसं त्यात एकमेकांना चुकवणार कशी? मग निरोप सुरू झाले आणि निरोप्या मी. जेवायला सगळे एका ओळीत बसलेले असायचे. बापू ताटाकडे बघत म्हणायचे, "शालू, त्याले सांग, भाजी घे म्हणा." दादा माझ्या डाव्या हाताला, एक वीत अंतरावर. तो भाजी घ्यायचा आणि म्हणायचा, "शालू, त्यायले सांग, घेतली." मी खरंच सांगायची. "बापू, घेतली म्हणते." आई पोळ्या लाटता लाटता तोंडाला पदर लावायची. ती हसत होती की रडत होती हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायचं राहून गेलं.

बाहेर बागेत तेव्हा तेच चाललेलं. पाणी तोडलेलं, पाण्याचे दांड कोरडे, मातीला भेगा. सकाळी थंडी अशी की हौदातलं पाणी हाताला चावायचं, आणि त्या भरल्या हौदाशेजारी झाडं तहानलेली उभी. शेजारचे कृष्णाजीकाका एकदा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तंबाखू मळत बापूंना म्हणाले, "काय गा, यंदा झाडालेबी ताण अन् पोरालेबी ताण?" बापू हसले. गावाला तेवढं पुरलं. बापूंनी पोराले ताण देल्ला, असं आठवड्याभरात जो तो म्हणायला लागला. मलाही ते पटलं. इतकं नेटकं होतं ते, न पटायला काय झालं?

मला मात्र कुणी ताण दिला नाही. पोरीला कशाचा ताण? मी पास झाले तरी आनंद, नाही झाले तरी दोनाचे चार हात. आजही मला ठरवता येत नाही की ती माझ्यावरची माया होती की मला मोजणंच सोडून दिलेलं होतं.

त्याच हिवाळ्यात मी एक गाढवपणा केला. माझ्या अभ्यासाच्या खिडकीसमोर संत्र्याचं एक झाड होतं. रोज सकाळी पुस्तकातून मान वर केली की ते दिसायचं, रोज थोडं आणखी वाळलेलं. पानं अशी मुडपली होती की मला त्याच्याकडे बघवेना. एका दुपारी बापू कळमेश्वरला गेलेले असताना मी हौदातून बादल्या भरून त्याच्या आळ्यात ओतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाच-सहा दिवस माझं हे चोरून चाललं. पानं सरळ झाली, तजेला आला. मला वाटलं मी काहीतरी फार मोठं पुण्य केलं.

मग पाणी सोडलं, आणि काही दिवसांनी बाग फुलली. पांढरी, गच्च, वासाने घर भरून गेलं, पांघरुणालाही वास. माझ्या खिडकीसमोरचं झाड मात्र हिरवं राहिलं. कोवळी लुसलुशीत पालवी फुटली, फूल एक नाही. बापू त्याच्यापाशी थांबले, एक डहाळी वाकवून पाहिली आणि म्हणाले, "याले कोणं तरी पाणी देल्लं." माझा चेहरा वाचायला फार वेळ लागला नसेल त्यांना. पण रागावले नाहीत. म्हणाले, "झाडाले वाटलं, आपलं बरं चाल्लं. मंग कायले फुलंल ते? फूल काहून येते माहीत आहे का तुले? झाडाले वाटते का आता आपण मरतो. मनून जाता जाता बी ठेवून जाव म्हणते."

मी त्या वेळी सतरा वर्षांची होते. हे वाक्य अंगात एखाद्या काट्यासारखं राहून गेलं. सगळी बाग फुललेली, वासाने डोकं दुखेल इतकी, आणि त्या फुलण्याच्या मुळाशी भीती? मग आपण ज्याला कर्तृत्व म्हणतो, माणसाचं अंगभूत सगळं बाहेर येणं म्हणतो, तेही कुणीतरी पाणी तोडल्यामुळे? आणि तसं नसेल, तर पाणी मिळालेलं माझं झाड का नाही फुललं?

दादा बारावीला तालुक्यात पहिल्या काहींत आला. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, तिथेच राहिला, आज मोठ्या हुद्द्यावर आहे. बापूंनी गावभर पेढे वाटले. मी बऱ्यापैकी पास झाले, बऱ्यापैकी शिकले, बऱ्यापैकी नोकरीला लागले. कृष्णाजीकाका पुढे कित्येक वर्षं पोरांच्या बापांना दादाची गोष्ट सांगत.

आणि मीही सांगते, हे कबूल करायला हवं. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की शाळा मला प्रेरणेवर बोलायला बोलावतात. कन्हानच्या एका शाळेत, हुडकेश्वरच्या मंडळात, कुठे कुठे. आधी मी त्रिकोण समजावते आणि शेवटी बापूंची गोष्ट सांगते, चाळीस दिवसांचा अबोला, मग बहार. या दोन गोष्टी एकमेकींच्या उरावर बसतात हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पालक टाळ्या वाजवतात, मला नारळ आणि शाल मिळते. शालींचं एक कपाट झालं आहे घरात. चाळीस हा आकडाही माझाच. खरं म्हणजे तो अबोला कधी संपला हे मला आठवत नाही. दादाला पेपर कसा गेला तेही बापूंसाठी मीच विचारलं होतं. पुण्याला जाताना दादा बापूंच्या पाया पडला आणि बापू माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याले म्हणा, पोचल्यावर चिठ्ठी टाक."

दादा आता दर रविवारी अकराच्या सुमारास मला फोन करतो. बोली पुण्याची झाली आहे. "शालू, बापूंची गोळी चालू आहे ना? त्यांना सांग, गच्चीवर एकटं जाऊ नका म्हणावं." मी सांगते. बापू म्हणतात, "त्याले सांग, नाही जात." मी सांगते. पस्तीस वर्षं होत आली. ऋचा लहान असताना एकदा म्हणाली होती, "मामा आणि आजोबा एकमेकांशी का नाही बोलत? भांडण आहे का?" मी म्हटलं होतं, "नाही गं, तशी पद्धत आहे आपल्याकडे."

मी ऋचाशी बोलणं थांबवलं, तेव्हा मला दादाचे गुण आठवले होते. ही पस्तीस वर्षं आठवली नव्हती.

पहिला दिवस सोपा गेला. राग होता ना. दुसऱ्या दिवशी राग उतरला, पण मी मनाला बजावलं, ताण आहे हा, असा दोन दिवसांत तुटत नसतो. चौथ्या दिवशी तिने बापूंना विचारलं, "आजोबा, आईला विचारा, तिला पोहे हवे का?" आणि माझ्या हातातली पळी हातातच राहिली. सातव्या दिवशी मी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन परत आले. बोलायचं तर काय बोलायचं? 'पुस्तकं काढ' म्हटलं तर अबोला कशाला केला होता? 'जाऊ दे' म्हटलं तर उद्या तीच म्हणेल, तू मला अडवलं का नाहीस? बागेत निदान झाड उलट काही म्हणत नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. ती वाळते आहे हे कळत होतं, पण हे वाळणं फुलण्याआधीचं की नुसतंच वाळणं, ते कसं ओळखायचं? ताण जास्त झाला की फांद्या मरतात. तेही मी पाहिलेलं आहे. शाल-नारळाच्या भाषणात तेवढं सांगत नाही.

परवाचा रविवार. बापू गच्चीवर उन्हाला बसले होते, मी तुरीच्या शेंगा सोलत होते. खाली ऋचा न्हात होती, बादली सरकल्याचा आवाज आला. मी ठरवूनच विचारलं. गावच्या माणसाशी गावच्या बोलीत विचारलं की खरं उत्तर मिळतं, असा माझा अनुभव आहे.

"बापू, त्या साली दादाले ताण देल्ला होता ना तुम्ही, तो किती दिवसांचा, कवा तोडाचा, हे कसं ठरवलं होतं?"

"कायचा ताण?"

"बोलणं बंद केलं होतं ना दादाशी. बारावीत."

 बापू म्हणाले, "येडी आहेस का वं तू? पोरगा काय झाड होय?"

"सारं गाव म्हणे. कृष्णाजीकाका म्हणे. तुम्ही हसले होते."

"हसलो. मले बरं वाटलं तवा. लोकायले वाटे का बापाले काही तरी समजते." त्यांनी एक शेंग उचलली, सोलली नाही, बोटांत फिरवत राहिले. "मार्कं पाह्यले अन् राग आला. तोंड उघडलं असतं तं वाईट बोल्लो असतो, मनून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी बोलाव म्हटलं, तं काय बोलाव ते सुचे ना. तिसऱ्या दिवशी आणखीच जड गेलं. ते वाढतच गेलं वं. बागेचं मले समजत होतं. पान मुठीत धरलं का समजे, आज पाणी सोडाचं. पोराचं पान कुठं पाह्याचं? मी वाट पाहो का तो बोलंल. तो पाहत असंल का मी बोलीन."

"मंग पास झाला तवा तरी बोलाचं होतं."

"पेढे वाटले ना," बापू म्हणाले.

मी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. पंचवीस वर्षं लोकांपुढे सांगितलेली गोष्ट, तिच्यात काही उपाय नव्हता, पद्धत नव्हती, शहाणपण नव्हतं. एका माणसाला आपल्या मुलाशी बोलायचं सुचलं नाही, एवढंच होतं. आणि तरी दादा फुलला. मग तो कशामुळे फुलला? भीतीमुळे? रागाने? की त्याच्यात होतंच ते, आणि आपापल्या वेळेला आलं? मला काही म्हणता काही कळेना. बापूंची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अकरा वाजले होते. मी स्वतः बोलले नाही. हिरवं बटण दाबून तो बापूंच्या हातात दिला. ते गोंधळले. फोन कानाला लावायचा की तोंडाशी धरायचा, तेच त्यांना समजेना. मी कानाला लावून दिला.

"हॅलो, शालू?"

"मी होय," बापू म्हणाले. "बापू."

 पलीकडून दादाचा आवाज, इतका मोठा की मला ऐकू आला, घाबरलेला. "काय झालं? शालू कुठे आहे? तिला काय झालं?"

"कोणाले काही झालं नाही," बापू म्हणाले. "मीच बोलून राहिलो."

मी जिना उतरून खाली आले. तिथे थांबणं मला शक्य नव्हतं.

ऋचा स्वयंपाकघरात होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला, ओट्याशी उभी राहून गार दूध पीत होती. मला बघून नेहमीप्रमाणे बाजूला झाली, मला वाट करून देण्यासाठी. अकरा दिवसांत आम्ही वाट करून देण्यात फार तरबेज झालो होतो. मी काहीतरी चांगलं बोलणार होते. जिना उतरताना मनाशी जुळवलंही होतं, तिची गरज, तिची इच्छा, तिचा निर्णय असं काहीतरी. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला समजून नाही राहिलं, ऋचा. तुझ्या बाबतीत काय करावं, काहीच समजून नाही राहिलं."

तिने ग्लास खाली ठेवला. ओठांवर दुधाची पांढरी रेघ तशीच. "मला पण," ती म्हणाली. आणि ओठ पुसून, "मला वाटायचं तुला सगळं माहीत आहे. म्हणून तर तुला काही सांगता नाही आलं."

 मी पंचवीस वर्षं मुलामुलींना शिकवते आहे, आणि माझ्या माहीत असण्याची माझ्याच मुलीला भीती वाटत होती. मी तिच्या फॉर्मबद्दल विचारलं नाही. मुदत तिलाही ठाऊक होती. पलंगाखालच्या खोक्याबद्दल विचारलं नाही. आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो.

वरून बापूंचा आवाज येत होता. फोनवर बोलायची सवय नाही, त्यामुळे हाक मारल्यासारखे बोलत होते. थंडी किती आहे, गुडघे कसे आहेत, तिकडे संत्री कशी मिळतात. मधेच आवाज थांबला. आम्ही दोघींनी एकदम वर पाहिलं. ऋचाने माझं मनगट धरलं.  मग बापू पुन्हा बोलायला लागले, आता हळू, शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हते.

"तू पण बोल ना आता," ऋचा म्हणाली.

काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नव्हतं. मी बोलायला लागले.